बेबीताईंच्या कोऱ्या कुंड्या

"हे पोट्टी बोलतच नाही, मॅडम. हिले आरएनएवर बसवा."

मी दाराबाहेर उभी होते. हातात संशोधक विद्यार्थिनी म्हणून रुजू होण्याचा अर्ज, आणि आत जायचं की कोणी बोलावेपर्यंत थांबायचं हे काही ठरत नव्हतं. आतून माझ्या होणाऱ्या मार्गदर्शक मॅडमचा आवाज आला, "बोलत नाही म्हणजे काय?"

"अर्ध्या घंट्यापासून दारात उभी हाये. तीनदा विचारलं कोण पाह्यजे म्हणून, तर नुसती मान हालवून राहिली. याच्यापेक्षा चांगली कोण भेटन तुम्हाले? त्या परागनं मागच्या महिन्यात चार नमुने बोलून बोलून खराब केले."

मॅडम हसल्या. अशा रीतीने, माझं एकही वाक्य ऐकून न घेता, माझी नेमणूक झाली.

बोलणाऱ्या होत्या बेबीताई गजभिये. आमच्या वनस्पतिशास्त्र विभागाच्या प्रयोगशाळेत त्या परिचर होत्या. काचेची भांडी धुणं, माती चाळणं, कुंड्यांना पाणी घालणं, द्रवरूप नायट्रोजनची जड टाकी ढकलत आणणं, एवढी त्यांची कागदावरची कामं. कागदाबाहेर त्या कोणाला कुठे बसवायचं तेही ठरवायच्या.

न बोलण्याचा आणि आरएनएचा संबंध मला पहिल्याच आठवड्यात कळला. आमचं काम भुईनीमावर होतं. फूट-दोन फूट उंचीचं, साधंसं दिसणारं हे रोप इतकं कडू असतं, की त्याचं पान नुसतं चुरगळलेलं बोट चुकून ओठाला लागलं तरी चहाची चव जाते. हा कडूपणा म्हणजेच त्याचं औषध. ते द्रव्य रोप एकदम तयार करत नाही. एकामागून एक टप्पे असतात, प्रत्येक टप्प्याला एक कारागीर रेणू लागतो, आणि त्या कारागिराला कसं घडवायचं हे एका जनुकात लिहिलेलं असतं. जनुक रोपाच्या प्रत्येक पेशीत कायमचं असतं. पण ते वापरायचं झालं की रोप त्याची एक तात्पुरती नक्कल काढतं. ती नक्कल म्हणजे आरएनए. नकला भरपूर सापडल्या तर समजायचं, जनुक जागं आहे.

ही नक्कल भारी नाजूक असते. आपल्या थुंकीत, घामात, बोटांच्या टोकांवर तिला खाऊन टाकणारी द्रव्यं असतात. नमुन्याशेजारी बसून गप्पा मारल्या, की दिवसभराची मेहनत वाया. म्हणून आरएनएच्या छोट्या खोलीत तोंडाला मास्क, हातात मोजे आणि वर बेबीताईंचा पहारा. त्या दारातूनच ओठांवर बोट ठेवायच्या. ते बोट पाहिलं की मॅडमसुद्धा वाक्य अर्धवट सोडायच्या.

पराग माझ्याआधीपासून तिथे संशोधन करणारा, सावनेरचा. बोलण्यावाचून त्याला श्वास घेता येत नसे. त्याला त्या खोलीत बंदी होती. "तू बाहेर राह्य गा," बेबीताई सांगायच्या, "तुह्या तोंडातून आरएनए खाणारी फौज निघते." आणि माझ्याकडे हात करून, "इले पाह्य. इंग्रजी शाळेत शिकली, पन तोंडातून ना इंग्रजी निघत, ना मराठी. इचा नमुना खराब होऊच शकत नाही."

मी प्रतापनगरात वाढले, इंग्रजी शाळेत शिकले. घरी मराठी ऐकलं बरंच, बोलले थोडं. वर्गात हात वर करायचा राहून गेला तो राहूनच गेला. माझ्या न बोलण्याचं कौतुक करणारं माणूस मला तोवर भेटलं नव्हतं.

बेबीताई कामठीच्या. सकाळी शेअर ऑटो, मग बस, मग फाटकापासून चालत. तरी नऊला त्या विभागात हजर. आल्या आल्या हातातल्या हिरव्या बांगड्या काढून एका जुन्या बीकरमध्ये ठेवायच्या. त्या बीकरला कोणी हात लावलेला चालायचं नाही. प्रत्येक यंत्राला त्यांनी नाव दिलं होतं. नळ्या गरागरा फिरवणारं यंत्र म्हणजे 'चक्की', रात्रंदिवस घोंगावणारा उणे ऐंशी अंशांचा फ्रीझर म्हणजे 'सासू'. "सासूचं दार जास्त वेळ उघडं ठेवू नको वं, बोंबलन." आणि खरंच, तो बोंबलायचा.

पान तोडायच्या दिवशी त्यांची खरी कामगिरी असे. पान तोडल्यापासून ते अतिथंड नायट्रोजनमध्ये बुडेपर्यंत वेळ जाता कामा नये, कारण तोडलेल्या क्षणापासून पानात उलथापालथ सुरू होते. मी पान तोडायचे, बेबीताई पुढे थर्मासचं भांडं धरून उभ्या. पांढरा धूर त्यांच्या चपलांवरून वाहत असायचा आणि त्या हलक्या आवाजात मोजायच्या, "एक, दोन, तीन..." चारच्या आत पान बुडालं नाही, तर तो नमुना त्या सरळ फेकून द्यायच्या. मला विचारायच्याही नाहीत.

एकदा विभाग बघायला शाळेची मुलं आली. मॅडम बैठकीत, पराग रजेवर, आणि उरले मी. पस्तीस मुलं माझ्याकडे बघत होती आणि मी रोपाकडे. बेबीताई हात पुसत पुढे आल्या.

"कामठीले माह्या सासऱ्याच्या घरी माग होता," त्यांनी सुरू केलं. "नक्षीच्या लुगड्यासाठी पुठ्ठे असत, भोकं पाडलेले. ज्या पुठ्ठ्यात जशी भोकं, तशी नक्षी उतरे. पुठ्ठे सारे फळीवर ठेवून असत. पन फळीवर ठेवून नक्षी येते काय?"

मुलं म्हणाली, नाही.

"मागावर पुठ्ठा टांगावा लागते. टांगला नाही, तर लुगडं कोरंच निघन. या झाडाच्या प्रत्येक पानात असे पुठ्ठे हायेत. कडूपणाचा बी पुठ्ठा हाये. पन झाड तो रोज टांगत नाही. कायले टांगन? मेहनत लागते. अळी आली, बकरीनं तोंड मारलं, की मंग झाड म्हणते, आण रे तो पुठ्ठा."

मागच्या एका मुलाने विचारलं, "आणि या मॅडम काय करतात?"

"त्या पाह्यतात, कोणता पुठ्ठा टांगला हाये ते. बोलत नाहीत, पन पाह्यतात बराबर."

माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात हेच मी पुढे अकरा पानांत लिहिलं. त्या मुलांना ते पाच मिनिटांत समजलं होतं.

आता माझ्या प्रयोगाबद्दल. हिरव्या जाळीखाली चोवीस कुंड्या. त्यातल्या बारांवर आम्ही एक द्रावण फवारायचो. अळीने कुरतडलं की रोपाच्या अंगात जो संदेश धावतो, तोच संदेश हे द्रावण रोपाला देतं. म्हणजे अळी नसताना अळी आल्याचा भास. उरलेल्या बारांवर नुसतं पाणी. फवारलेल्यांत जनुकं जागी व्हायला हवीत, पाणीवाल्यांत झोपलेली राहायला हवीत. दोन्हींतला फरक हाच माझा प्रबंध. पाणीवाल्या कुंड्यांना बेबीताई 'कोऱ्या कुंड्या' म्हणायच्या, आणि तेच नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं.

पहिल्या खेपेचा निकाल आला, तर कोऱ्या कुंड्यांत जनुकं टक्क जागी. फवारलेल्यांइतकीच. फरक काहीच नाही.

मॅडमनी विचार केला. ते द्रावण हवेत उडतं. वाऱ्याबरोबर कोऱ्या कुंड्यांपर्यंत पोचलं असेल. मग आम्ही नवी रोपं लावली आणि या वेळी कोऱ्या कुंड्या दूर, जाळीच्या पार दुसऱ्या टोकाला, नळाजवळ हलवल्या. नळाजवळच बेबीताईंचं स्टूल होतं. कुंड्या उचलताना त्या म्हणाल्या, "बरं केलं. मले बी जवळ पडन."

तेव्हा त्या वाक्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. मीही नाही.

दुसऱ्या खेपेतही कोऱ्या कुंड्या तितक्याच जाग्या निघाल्या.

"सानिका," मॅडमनी मला बोलावून घेतलं. रागावल्या नव्हत्या, ते जास्त वाईट होतं. "नळ्यांवरची नावं कुठे बदलली गेली असतील का? शांतपणे आठवून बघ. तिसरी खेपही अशीच गेली तर मला विषय बदलावा लागेल. दीड वर्षाचं काम आहे गं तुझं."

मला वाटलं सांगावं, मी प्रत्येक नळीवर नाव दोनदा लिहिते आणि तिसऱ्यांदा वाचते. पण मी नुसती नकारार्थी मान हलवली. शेजारी बेसिनवर बेबीताई नळ्या धूत होत्या. त्यांनी नळ बंद केला.

"नावं चुकली नाहीत, मॅडम. या पोट्टीच्या हातून नाव चुकन? मी लिहून देतो. दुसरं काही झालं असन, पन हिच्यावर नका येऊ."

मॅडम म्हणाल्या, "बेबीताई, मी तिच्यावर येत नाहीये."

"येऊन राहिल्या," बेबीताई म्हणाल्या आणि पुन्हा नळ सोडला.

मी तिथून निघाले ते थेट जाळीत गेले. कारण गोष्ट अशी होती की मला चोर माहीत होता. तीन आठवड्यांपासून माहीत होता.

जे बोलत नाही ते मी वहीत लिहिते, ही माझी जुनी सवय. कुंड्या नळाजवळ आल्यावर एका सकाळी मला कोऱ्या रोपांच्या दांड्यांवर पान खुडल्याच्या ताज्या खुणा दिसल्या. पाचव्या, सहाव्या, सातव्या, आठव्या कुंडीत एकेक. दुसऱ्या दिवशी नवव्या ते बाराव्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. चौथ्या दिवशी मी लवकर आले आणि जाळीबाहेर उभी राहिले. बेबीताई आल्या, बांगड्या काढल्या, रांगेतल्या चार कुंड्यांतून एकेक पान खुडलं. एक गालात ठेवलं, तोंड वाकडं केलं, वर दोन घोट पाणी. तीन पानं रुमालात. एक चौकीदाराला, दोन शेअर ऑटोत रोज सोबत असणाऱ्या एका म्हातारीला. तिघांनाही साखरेचा आजार. डॉक्टरांच्या गोळ्याही त्या तिघांच्या चालूच होत्या, त्यामुळे पानांनी काय होत होतं कोण जाणे. पण रोपांचं काय होत होतं ते कळत होतं. रोज कोणी तोंड मारत होतं, आणि रोपं कडूपणाचा पुठ्ठा टांगत होती.

फवारलेल्या कुंड्यांना मात्र त्या हात लावत नसत. पहिल्याच दिवशी मॅडमनी बजावलं होतं, फवारलेलं काही खायचं नाही. बेबीताईंनी ती सूचना तंतोतंत पाळली होती.

मी सांगितलं नाही. काय सांगणार? आठ महिन्यांनी निवृत्त होणाऱ्या बाईला, जिने मला कामावर बसवलं तिला, मी म्हणू, तुम्ही पानं खाता? मी एक पाटी लिहिली, इंग्रजीत, रोपांना हात लावू नये म्हणून, आणि जाळीला अडकवली.

बेबीताईंनी चष्मा लावून ती पाहिली आणि इंग्रजी म्हणून वाचायला माझ्याकडेच दिली. अर्थ कळल्यावर भडकल्या. "कोन लावते हात? आं? आणि इंग्रजीत लिहिलं तर चोराले कसं समजन? मराठीत लिही." मी मराठीत लिहिली. त्यांनी स्वतः सुतळीने पाटी घट्ट बांधली, येणाऱ्याजाणाऱ्याला दम भरला, परागची तर झडतीच घेतली. हे सगळं करताना गालात पान होतं. त्यांच्या लेखी ते पान खाणं नव्हतंच. ते औषध होतं.

बेसिनजवळच्या त्या प्रसंगानंतर मला रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही उघडून बांगड्यांच्या बीकरशेजारी ठेवली आणि बाजूला उभी राहिले.

बेबीताई पानं खुडून आल्या. दोऱ्याला बांधलेला चष्मा डोळ्यांवर चढवला. "काय हाये हे? कुंडी पाच ते आठ, एकेक पान. कुंडी नऊ ते बारा... अवं, म्हणजे चोर हाये! म्या म्हटलं होतं ना मॅडमले!" त्यांना भलताच आनंद झाला. "आणि वेळ बी लिहिली. सव्वानऊ. सव्वानऊले इथं कोन असते? पराग तर अकराच्या आधी उगवत नाही. चौकीदार साडेनऊले येते. मॅडम दहाले..."

त्या थांबल्या. मी फरशीकडे बघत होते. त्यांच्या हातातल्या रुमालाची गाठ सुटली आणि तीन पानं ओट्यावर पडली.



"किती दिवसांपासून माहीत हाये तुले?"

मी तीन बोटं दाखवली.

"तीन दिवस?"

मी मान हलवली.

"तीन हप्ते?" त्यांनी चष्मा काढला. "आणि काल मी तिथं एवढं तोंड वर करून बोलली, तवा बी तू गप? काहून नाही बोलली वं?" आवाज चढला आणि फाटलाही. "आरएनएच्या खोलीत तोंड बंद ठेव म्हटलं होतं मी तुले. बाहेर नोतं सांगतलं!"

मॅडमचा अकराचा तास संपेपर्यंत बेबीताई थांबल्या. मग त्यांनी बांगड्या पुन्हा हातात घातल्या, पदर खोचला आणि माझी वही घेऊन मॅडमच्या खोलीत गेल्या. मी मागोमाग, दारापर्यंत.

"मॅडम, चोर सापडला. मीच हावो."

मॅडमनी सगळं ऐकलं. वही उलटसुलट चाळली. मला वाटलं, आता बेबीताईंची या महिन्यातच दुसऱ्या विभागात बदली. पण मॅडमनी चष्म्यावरून बघत विचारलं, "रोज चारच? कधी पाच नाही?"

"चारच. आणि रांगेनं. एकाच झाडावर अन्याय नको."

"पहिल्या खेपेतही?"

"तवापासूनच."

मॅडम खुर्चीत मागे रेलल्या आणि इतक्या हसल्या की पराग धावत आला. "सानिका, आपण केलेल्या दोन प्रयोगांपेक्षा यांनी केलेला प्रयोग जास्त शिस्तीत आहे."

तिसऱ्या खेपेत तीन रांगा होत्या. एक फवारलेली. एक बारीक जाळीच्या पिंजऱ्यात कुलूप लावून, तिला कोणाचाही हात नाही. आणि तिसरी, जिची पानं बेबीताई रोज सव्वानऊला खुडणार. मोजे घालून. खायची परवानगी नव्हती. "काय बाई नशीब," त्या रोज कुरकुरायच्या, "तोडू देते, पन खाऊ नाही देत." कुलुपाची किल्ली त्यांनी स्वतःहून माझ्याकडे दिली. "माह्यावर विश्वास ठेवू नको," त्या म्हणाल्या.

या वेळी पिंजऱ्यातली रांग झोपलेली निघाली, अगदी कोरी. खुडलेली रांग जागी. फवारलेल्या रांगेच्या खालोखाल. माझ्या प्रबंधाला फरक मिळाला, आणि एक जास्तीचं प्रकरणही.

ते प्रकरण मी इंग्रजीत लिहिलं. शास्त्राच्या इंग्रजीत काम असतं, ते करणारं माणूस वाक्यात नसतं. पानं रोज ठरल्या वेळी काढण्यात आली. कोणी काढली, का काढली, काही नाही. बेबीताईंचं नाव आभारांच्या पानावर खालून दुसऱ्या ओळीत होतं. तोवर त्या निवृत्त झाल्या होत्या. बांगड्यांचं बीकर मी माझ्या टेबलावर आणून ठेवलं होतं, रिकामं.

माझ्या तोंडी परीक्षेच्या दिवशी सभागृह अर्धं भरलं होतं. बाहेरगावाहून आलेले मराठी परीक्षक पहिल्या रांगेत, शेजारी मॅडम. बेबीताई शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर. कामठीहून शेअर ऑटो, मग बस, मग फाटकापासून चालत. जांभळी कोरी साडी, मांडीवर पिशवी, हातात हिरव्या बांगड्या. परागला त्यांनी शेजारी बसवून घेतलं होतं, तो बोलू नये म्हणून.

मी पाठ केलेलं सगळं नीट बोलले. मग परीक्षकांनी प्रबंध उघडला आणि इंग्रजीत विचारलं, "पानं खुडण्याची ही तिसरी रांग तुमच्या मूळ आराखड्यात नाही. ही कल्पना सुचली कशी?"

या प्रश्नाचं उत्तर मॅडमनी आणि मी तयार केलं होतं. योगायोगाने केलेलं एक निरीक्षण, असं इंग्रजीत म्हणायचं आणि पुढे जायचं. पहिल्या दोन खेपांत कोऱ्या कुंड्यांची राखण आम्हाला जमली नव्हती, हे परीक्षकांसमोर आपणहून कोण सांगेल? त्यावरून त्यांनी सगळं प्रकरण पुन्हा करायला लावलं, तर अजून एक वर्ष.

मॅडमनी माझ्याकडे बघून किंचित मान हलवली. म्हण, ठरलंय ते.

मी शेवटच्या रांगेकडे पाहिलं. बेबीताईंना इंग्रजी प्रश्न कळला नसावा, पण परागने कानात सांगितलं. त्या ताठ बसल्या. मग, माझ्यावरची नजर न काढता, त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आरएनएच्या खोलीच्या दारातून ठेवायच्या तसंच. गप राह्य. माहं नाव घेऊ नको. बांगड्या मनगटावरून कोपराकडे घसरल्या.

 मी माईक जवळ ओढला आणि तो किंचाळला. कोणी तरी हसलं. बेबीताईंचं बोट ओठांवरच होतं.

मी मराठीत म्हणाले, "सर, ती पानं बेबीताई गजभिये यांनी तोडली. रोज चार, सव्वानऊ वाजता, साखरेवर औषध म्हणून. मी तीन आठवडे पाहत होते आणि बोलले नाही. त्या मागे बसल्या आहेत. पुढचं त्यांनाच विचारा."